पायांचं कुंपण

आमच्या मोठ्या जाऊबाई माणसांना अरेतुरे करायच्या आणि हॅमस्टरला अहोजाहो. सरपंच दारात आला तरी "काय रे, काहून आला?" पण पिंजऱ्यापुढे बसल्या की आवाज मऊ व्हायचा. "बापू, जेवले का तुमी?" त्यांची मुलगी नोकरीला पुण्याला गेली. तिथल्या खोलीत प्राणी ठेवू देत नव्हते, म्हणून तो उंदरासारखा, मुठीएवढा, आखूड शेपटीचा जीव आमच्याकडे वलगावला आला. पोरीनं घरात आणलेला, म्हणून जाऊबाईंनी त्याचं नाव जावईबापू ठेवलं.

पिंजऱ्यात तारेचं चाक होतं. त्यात त्याचा पाय अडकताना दिसला, तशी जाऊबाईंनी ते काढून माळ्यावर टाकलं. मग तो धावायला मिळेना म्हणून गज कुरतडत बसे. त्या म्हणाल्या, "जावयाले नुसतं खाऊ घालून कसं चालन? फिरवाले न्या लागते." दिवेलागणीला मांजर बाहेर, पुढचं दार बंद, पंखा बंद. आम्ही दोघींनी फरशीवर समोरासमोर पाय फाकवून बसायचं, तळव्याला तळवा लावायचा आणि साडीचे काठ खाली दाबायचे. पायांच्या मधल्या अंगणात जावईबापूंनी पळायचं.

मला कोणाशी बोलायला सुचत नाही. लग्न झाल्यापासून जाऊबाईंकडे मी मान वर करून पाहिलं नव्हतं, आणि आता त्यांना पाय लावायचा होता. पहिल्याच दिवशी तळवा लागला आणि सवयीनं मी पाय आखडून नमस्काराला वाकले. तेवढ्या फटीतून जावईबापू निसटले ते थेट मधल्या खोलीत. तिथे भाव वाढायची वाट पाहत कापूस भरून ठेवला होता, छातीएवढा.

जाऊबाई रागावल्या नाहीत. पोरीला काय सांगू, एवढंच म्हणाल्या. आम्ही मूठमूठ कापूस बाजूला करत गेलो. सकाळी तो सापडला तेव्हा मागच्या पायाला कापसाचे धागे आवळले होते आणि पाय सुजला होता. जाऊबाईंना जवळचं नीट दिसत नसे. त्यांनी त्याला ओंजळीत धरलं आणि कात्री माझ्याकडे सरकवली.

"लहाने, तू काप. तुह्यावर भरोसा हाय मले."

असं मला आधी कोणी म्हटलं नव्हतं. मी एकेक धागा उचलून कापला.

काही दिवस तो पाय उचलून चालला, मग एका संध्याकाळी चारही पायांवर धावला. त्या दिवसापासून जाऊबाईंचा नियम ठरला: "नमस्कार मनात कर. पाय हालवू नको." पायाला पाय लावून बसलं की समोरच्याच्या तोंडाकडे पाहावंच लागतं. पाहता पाहता मी बोलायलाही लागले. माहेरचं, शाळा सुटल्याचं, काय काय.

यंदा मुलीनं पुण्याला घर घेतलं आणि ती आईला न्यायला आली. गाडीजवळ जावईबापूंचा बंद पिंजरा बगलेत धरून जाऊबाई उभ्या होत्या. मी वाकले, दोन्ही पाय धरले, ते मला सोडवेनात.

त्या म्हणाल्या, "कर आता पोटभर. आता कोणी पयून जात नाही."