दस्तीखाली दिलेले दात

"आ कर."

समोर बैल असो की माणूस, अप्पांचं बोलणं इथूनच सुरू व्हायचं. डाव्या हातानं बैलाची वेसण धरायची, उजव्या अंगठ्यानं खालचा ओठ दाबायचा आणि एका नजरेत वयाचा निकाल द्यायचा, "सहा दाती हाय. मालक चार म्हणायलाय. त्याला मोजाया शिकवा कुणीतरी."

माणसाच्या ओठाला ते अंगठा लावत नसत, एवढाच फरक. आमच्या शाळेच्या मास्तरांना एकदा भर बाजारात म्हणाले, "मास्तर, तुमी चाळीस सांगता, पण दाढा पन्नास म्हणायल्यात." मास्तर पुढं बरेच दिवस त्यांच्याशी तोंड मिटून बोलत.

अप्पा हुमनाबादच्या जनावरांच्या बाजारात दलाल होते. गुडघ्यापर्यंत धोतर, गळ्यात चांदीच्या करडीत, म्हणजे डबीत, इष्टलिंग, खांद्यावर निळ्या काठाची दस्ती. दस्ती म्हणजे आमच्याकडं हातभर लांबीचं जाडंभरडं फडकं; तोंड पुसायला, भाकरी बांधायला आणि उन्हात डोक्यावर घ्यायला. बैलाशी ते कानडीत बोलत, गिऱ्हाइकाशी मराठीत आणि बाजाराच्या जमादाराशी दखनीत. तिघांपैकी बैलाशी जास्त आदरानं बोलतात, असं लोक म्हणत.

तुम्ही जनावरांचा बाजार पाहिला असेल, तर दस्तीचं खरं काम तुम्हाला ठाऊक आहे. नसेल, तर सांगतो. भाव तोंडानं ठरत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात धरतात, वर दस्ती टाकतात आणि खाली बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी काय ठरलं ते त्या दोन हातांनाच कळतं. अप्पांच्या दस्तीखालची गोष्ट बाहेर आली, असं कधी झालं नाही.

त्यांच्या उभं राहण्याच्या जागेजवळच, कडुलिंबाच्या झाडाखाली, माझे वडील कासरे, दावी आणि घुंगुरमाळा विकायला बसत. आम्ही वडिलांना दादा म्हणत असू. आमच्या घरात कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. निजामाचं राज्य, म्हणून मी हुमनाबादला उर्दूतून शिकलो, पुढं गुलबर्ग्याला शिकलो आणि एक दिवस मुंबईच्या दंतवैद्यकाच्या कॉलेजात जागा मिळाल्याचं पत्र घेऊन लिंबाखाली आलो.

दादांना ते पटेना. "दातासाठी डाक्टर? मंग न्हावी काय करायलाय?"

न्हावी काय करतो ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या थोरल्या बहिणीची दाढ त्यानं गंजक्या पकडीनं उपटली होती. महिनाभर ती तापानं फणफणली. वाचली, पण जबडा धरला तो धरलाच. तिचं तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नसे. भाकरी दुधात कुस्करून खाई आणि हसताना पदर तोंडावर घेई. साऱ्या गावाला "आ कर" म्हणणारे अप्पा तिला मात्र ते कधी म्हणाले नाहीत. ती दिसली की "काय अक्का, बरी हायस न्हवं?" एवढंच विचारत आणि बैलाकडं वळत.

त्या दिवशी अप्पांनी पत्र हातात घेतलं, उलटं धरलं, सुलटं धरलं आणि दादांना म्हणाले, "बैलाचा दात बघणारा मी हाय. माणसाचा बघणारा कोण हाय आपल्याकडं? जाऊ द्या पोराला."

"जायाला पैसा लागतो, अप्पा."

"मी कुठं म्हणायलाव लागत न्हाई?"

पुढच्या बाजारला त्यांनी सौदे लवकर उरकले, लिंबाखाली पोत्यावर बसले, हात पुढं केला आणि वर दस्ती टाकली. ज्याला माझ्या शिक्षणासाठी द्यायचं असेल त्यानं हात खाली घालायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा आणि आठ दिवसांत आणून द्यायचं. अप्पा फक्त म्हणायचे, "पावलं."

कापडाचे एक दुकानदार तणतणत आले. "अप्पा, देणाऱ्याचं नाव सांगणार न्हाई म्हणता. मंग द्यायचं कामून?"

"मंग नका देऊ."

"न्हाई, द्यायचं हाय. पण लोकास्नी कळाया नको?"

"शेट, दस्तीखाली चार आणे देणारा बी हाय आन् चाळीस रुपये देणारा बी हाय. वरनं बघा, दस्ती किती फुगल्याली दिसते?"

शेटनी वाकून पाहिलं. दस्ती होती तशीच होती. कुरकुरत त्यांनी हात घातला. "पावलं," अप्पा म्हणाले, आणि शेट गेल्यावर आम्हाला डोळा मारला. त्या डोळा मारण्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. शेटनी फार दिलं असेल, किंवा फारच थोडं.

अशा रीतीनं मी मुंबईला पोचलो.

दुसऱ्या वर्षी खरी अडचण आली. दातांत भोकं पाडायला आणि ती भरायला आम्हाला खऱ्या, काढलेल्या दातांवर शिकवत. वरचे, खालचे, पुढचे, दाढा असा संच ज्याचा त्यानं आणायचा. कॉलेजच्या दवाखान्यातले दात वरच्या वर्गाला जात. माझ्या सोबत्यांपैकी कुणाचा काका डॉक्टर, कुणाचा मामा. ते बरणीभर दात घेऊन यायचे. माझ्याकडं एकही नव्हता. संच नसेल तर प्रात्यक्षिकाला बसता येणार नाही, असं प्राध्यापकांनी बजावलं. वर्ष बुडालं असतं तर मला घरी परतावं लागलं असतं. दस्तीखाली जमलेलं काही दोन वेळा पुरणारं नव्हतं.

मी अप्पांना पत्र लिहिलं. 'सरावासाठी काढलेले दात हवेत. लवकर पाठवावे. नाही मिळाले तर माझं शिक्षण थांबेल.'

पंधरा दिवसांत पत्र्याचा डबा आला. आनंदाच्या भरात मी तो वर्गातच उघडला. आत चुन्यानं घासून पांढरेशुभ्र केलेले दात होते. आठआठाच्या जुड्या सुतळीत ओवलेल्या, प्रत्येक जुडीला चिठ्ठी. बाजाराच्या मुन्शीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'जुळलेला, आठी दात पुरे', 'म्हातारा', 'फार म्हातारा, स्वभावानं गरीब'.

ते दात बैलांचे होते.

वर्ग पोट धरून हसला. प्राध्यापकांनी एक जुडी उचलून निरखली आणि गंभीरपणे विचारलं, "यात वरचे दात कुठे आहेत?"

मी शरमेनं तसंच्या तसं अप्पांना कळवलं. त्यांचं उत्तर मुन्शीनं शब्दाला शब्द लिहून पाठवलं होतं. 'बैलाला वरच्या अंगाला पुढचे दात नसत्यात, हे सायबाला ठाऊक न्हाई व्हय? सायबाला एकदा बाजारला घेऊन ये. तू माणसाचे म्हणायलास हे मला वाटलंच न्हाई. माणसाचा दात कोण मागतं का? लई अवघड हाय. बघतो.'

अवघड होतं, हे खरं. आमच्या भागात पडलेला दात कुणी दुसऱ्याच्या हाती देत नसे. लहान मुलाचा माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या छपरावर फेकायचा, मोठ्या माणसाचा गुपचूप मातीत पुरायचा. परक्याच्या हाती लागला तर त्यावर कुणी करणी करील, ही भीती. अप्पांनी बैलाचे दात पाठवले यात त्यांची चूक नव्हती. माणसाचे दात मागायचे, ही कल्पनाच शहाण्या माणसाला सुचण्यासारखी नव्हती.

पुढचं मी पाहिलं नाही. दादांनी सांगितलं ते सांगतो. बाजारच्या दिवशी अप्पा लिंबाखाली एक गाडगं घेऊन बसले. त्यांनी माझी अडचण सांगितली तेव्हा गर्दी दोन पावलं मागं सरकली.

राजेश्वर गावची एक म्हातारी म्हणाली, "माजा दात परमुलखात जायचा, आन् तिथं कुणी काय केलं म्हंजे?"

"आजी, गाडग्यात शंभर दात पडल्यावर तुजा कंचा हे तुला तरी कळंल का? मंग करणी करणाऱ्याला कसं कळंल?"

"आदी तुमी टाका की!" मागून कुणीतरी ओरडलं.

अप्पांची एक दाढ वर्षभर ठणकत होती. मी डॉक्टर होऊन आल्यावर माझ्याकडूनच काढून घ्यायची म्हणून त्यांनी ती सांभाळून ठेवली होती, असं दादा म्हणाले. अप्पांनी न्हाव्याला हाक मारली. त्याची पकड चुलीवरच्या उकळत्या पाण्यात टाकायला लावली. तेवढं मी सुट्टीत त्यांना शिकवलं होतं. मग सगळ्यांच्या समोर स्वतःच "आ" केला.

दाढ निघाली. अप्पांनी ती दस्तीत पुसली, गाडग्यात टाकली आणि गाडग्यावर दस्ती पसरली. "आता घाला हात," ते रक्त थुंकत म्हणाले. "रिकामा घातला तरी चालंल. वरनं कुणाला कळायचं न्हाई."

लोकांनी हात घातले. पुढच्या बाजारला आणखी लोक आले. आमच्याकडच्या मेहकर गावचा एक शेतकरी माळवदावर चाळणी घेऊन बसला आणि पोरांचे दुधाचे दात मातीतून शोधून घेऊन आला. मुन्शीनं हात घातला. जमादारानं इकडंतिकडं बघून हात घातला. माझी बहीणही पदर सावरत आली आणि तिनंही हात घातला. काय टाकलं ते तिनं मला कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

दुसरा डबा मी वर्गात उघडला नाही. प्राध्यापकांच्या खोलीत नेला. त्यांनी दात टेबलावर मांडले. झिजलेले, सुपारीनं रंगलेले, किडलेले, दुधाचे, अक्कलदाढा. माझा संच पुरा होऊन तिघा सोबत्यांना पुरतील एवढे उरले. ज्यांना काका-मामा डॉक्टर नव्हते, असे आणखी तिघं वर्गात होते, हे मला त्या दिवशी कळलं.

"कुणी दिले?" प्राध्यापकांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो. खरं तेच होतं.

डॉक्टर होऊन मी हुमनाबादला परतलो आणि मोटारी थांबत त्या नाक्यावर दवाखाना थाटला. पहिल्या दिवशी अप्पा आले, खुर्चीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आता तू म्हण."

"आ करा, अप्पा."

आयुष्यात एवढ्या आनंदानं तोंड उघडणारा रोगी मी पाहिला नाही. आत फारसं काही उरलं नव्हतं. जे दात होते ते मी हळूहळू काढले आणि त्यांना कवळी करून दिली. कवळी घालून ते थेट बाजारात गेले आणि एका पोरसवद्या दलालापुढं उभे राहिले. "वय सांग माजं."

त्यानं वाकून पाहिलं. "दोन दाती, अप्पा! ऐन तरणे!"

"मंग लाव की किंमत!"

"कामाला चालंल का ते बघाया पायजे आदी," तो म्हणाला, आणि सगळा बाजार हसला. सर्वांत जास्त अप्पा हसले. कवळी दाखवायची होती.

बहिणीचा जबडाही मी हाती घेतला. लाकडाच्या पातळ पट्ट्या दातांत धरायच्या आणि महिन्याला एक वाढवायची. वर्षभरानं तोंड तीन बोटं उघडायला लागलं. ती दाराशी चटणी लावून भाकरीचा तुकडा मोडून खात होती, तेव्हा अप्पा रस्त्यानं चालले होते. थांबले. "आ कर, अक्का," इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाले. तिनं भरल्या तोंडानं केला, आणि पदर घ्यायला विसरली.

एकदा मी अप्पांना गाठलं. "मला ज्यांनी दिलं त्यांची नावं सांगा. त्यांच्याकडून मी कधी पैसे घेणार नाही."

अप्पांनी माझा हात धरला, वर दस्ती टाकली. आता बोटं दाबून काहीतरी सांगतील म्हणून मी सावध झालो. त्यांनी नुसता हात धरून ठेवला.

"म्हंजे ज्यानं दिलं न्हाई, त्याचा दात दुखू द्यायचास व्हय?"

तेव्हापासून खुर्चीवर जो बसेल त्यानंच मला शिकवलं असेल, असं धरून मी चालतो. कापडाचे शेट आले तरी. फी देता येईल तो देतो, देता येत नाही त्याला मी विचारत नाही.

निजामाचं राज्य जायच्या आदल्या वर्षी अप्पा गेले. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी संपले. त्या बाजारला दलालांनी सौदे केले नाहीत. आठवड्यानं त्यांचा मुलगा दवाखान्यात आला. त्याच्या हातात दस्तीची पुरचुंडी होती. तिच्यात कवळी होती.

"माज्यासंगं मातीत घालू नका म्हणाले. डाक्टरच्या कालिजात पाठवा, शिकणाऱ्या पोरास्नी दाखवाया."

मी कवळी हातात घेतली आणि नकळत तिच्यावरून अंगठा फिरवला. उजव्या बाजूच्या दाढा जास्त झिजल्या होत्या. चार वर्षांची ज्वारीची भाकरी, बरीचशी सुपारी आणि ते भरमसाट हसणं.

दस्ती मी ठेवून घेतली. कवळी डब्यात घातली आणि सोबत प्राध्यापकांना चिठ्ठी लिहिली. 'विद्यार्थ्यांसाठी दात पाठवीत आहे. बैलाचे नाहीत. या वेळी वरचेही आहेत.'

खाली देणगीदाराचं नाव लिहायचं होतं. लेखणी शाईत बुडवली, आणि ती जागा तशीच कोरी सोडून डब्याचं झाकण लावलं.