बँडवाले काकांचा डावा कान

बँडवाले काका आयुष्यात कुठल्याही बँडमध्ये नव्हते. साधी पिपाणीसुद्धा त्यांनी कधी फुंकली नव्हती. तरी लग्नसराई आली की मल्हारगंजातल्या त्यांच्या जिन्यावर मुलींचे बाप चढायचे आणि दारातूनच विचारायचे, "भिया, बारातीसाठी बँड मिळेल ना?" काका कुणाला परत पाठवायचे नाहीत. आत बसवायचे, ग्रामोफोनला चावी द्यायचे आणि आपल्या वडिलांच्या जमान्यातल्या एखाद्या अमेरिकन बँडची रेकॉर्ड लावायचे. रेकॉर्डमधून पंधरा माणसं एकदम उसळायची. तीन मिनिटांनी रेकॉर्ड संपली की काका विचारायचे, "असा चालेल?" समोरचा घाबरून म्हणायचा, "साब, घोडी बिदकेल." "हां, मग दुसरीकडे बघा. आपल्याकडे तर हाच आहे."

या रेकॉर्ड महूच्या छावणीतून आलेल्या. गोरे साहेब गेले तेव्हा त्यांच्या क्लबातलं सामान लिलावात निघालं. काकांच्या वडिलांना नाट्यगीतांसाठी ग्रामोफोन हवा होता, त्याच्याबरोबर ही पेटीभर परकी धमाल गळ्यात पडली. लेबलवर बँडच्या म्होरक्याचं नाव असायचं, बाकी वाजवणाऱ्यांचं नाही. मी असते तर या अन्यायाविरुद्ध पत्रक काढलं असतं. काकांनी लहानपणीच त्या सगळ्यांना स्वतः नावं देऊन टाकली. ढोल वाजवणारा पहिलवान. तो उभा, माणसाएवढा डबल बास वाजवणारे मामा. क्लॅरिनेट म्हणजे वहिनी, कारण सगळे एकदम बोलत असले तरी वरून त्यांचा आवाज येणारच. आणि मागे बसून सुरुवातीपासून शेवटपर्यंत गिटारच्या तारा नुसत्या चार-चार ठोक्यांनी खाजवणारा जो होता, ते देशपांडे. हे नाव मात्र पुढे नोकरी लागल्यावर ठरलं. काकांच्या कारखान्यात स्टोअरला एक देशपांडे होते. त्यांना बोलताना कुणी ऐकलं नव्हतं, पण ते रजेवर गेले की सगळी मशिनं अडायची.

दर रविवारी दुपारी जेवणानंतर काकांकडे बैठक. आम्ही मोजकेच: काका, काकू, खालच्या मजल्यावर कापडाचं दुकान असलेले जैनसाब, आणि मी. नियम एकच. रेकॉर्ड लावण्यापूर्वी काका प्रत्येकाला बँडमधला एकेक माणूस वाटून देणार. तीन मिनिटं फक्त त्याच्याच मागे जायचं. रेकॉर्ड थांबली की काका विचारणार, "काय केलं तुझ्या माणसानं?" आणि सांगता आलं पाहिजे. "सगळा बँड एकदम ऐकतो तो काहीच ऐकत नाही," काका म्हणायचे. "एक धर. बाकीचे आपोआप येतात मागून."

मी तिथे पोचले ते संगीतासाठी नाही. आमची ध्वनिप्रदूषणविरोधी संघटना होती. संघटना म्हणजे आम्ही चौघं आणि एक फलक. पत्रकं मी लिहायचे आणि माझ्या पत्रकात प्रत्येक वाक्य मुठी आवळून उभं असायचं. मल्हारगंजात एका म्हाताऱ्याचे कान आवाजानं गेलेत असं कळलं, तेव्हा मी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, अन्नपूर्णा भागातून, स्कूटी दामटत आले. मला बळी हवा होता. काकांनी माझं भाषण अर्ध्यात थांबवलं, म्हणाले, "बस. तुला देशपांडे."

त्यानंतर कितीतरी रविवार मला देशपांडे ऐकूच आले नाहीत. ट्रम्पेटची रांग गर्जायची, सॅक्सोफोनची रांग खालून उत्तर द्यायची, त्या सवाल-जवाबात मी वाहून जायचे. "काय केलं तुझ्या माणसानं?" विचारलं की मी अंदाजे ठोकून द्यायचे, "मध्ये फार आक्रमक झाला." काका जैनसाबांकडे बघायचे. "देशपांडे आक्रमक झाले म्हणे." जैनसाब हसून हसून खोकायचे. मी चिडून म्हटलं, मला मुद्दाम मागच्या रांगेतला माणूस देता, हा सरळ भेदभाव आहे. काका म्हणाले, "भेदभाव नाही, औषध आहे. पत्रकबाई, तू चोवीस घंटे ट्रम्पेट आहेस. घरी अजून एक देऊन काय करू?"

त्या दिवसापासून मी पत्रकबाई. माझं खरं नाव काकांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

काकांचा उजवा कान कधीच गेला होता. सांवेर रोडच्या एका कारखान्यात प्रेस शॉपचे सुपरवायझर म्हणून त्यांनी नोकरी केली. दिवसभर पत्र्यावर लोखंड आदळायचं. कानात घालायला कापूसही आपला आपण आणायचा. आता डावा कानही चालला होता आणि डॉक्टरांनी तो थांबणार नाही हे साफ सांगितलं होतं. म्हणून तर बैठकीची घाई होती. बारीक, उंच आवाज आधी जातात. एका रविवारी रेकॉर्ड संपल्यावर काकांनी सुई उचलून ठेवली. मग म्हणाले, "वहिनी गेल्या."

"शुभ बोला," काकू आतून म्हणाल्या.

"खरंच गेल्या. ओठ हलताना दिसतात मला, आवाज नाही. जैनसाब, पुढच्या हप्त्यापासून वहिनी तुमच्याकडे. काय बोलल्या ते नीट सांगायचं."

आणि जैनसाब, आयुष्यभर मीटरवर कापड मोजलेला माणूस, तेव्हापासून दर रविवारी हातवारे करून सांगायचे की आधी वहिनी वर गेल्या, मग तिथूनच टोमणा मारला, मग घसरत घसरत खाली आल्या. काका डोळे मिटून मान हलवायचे. त्यांच्याजवळ आठवण होती, जैनसाब फक्त तिला धक्का द्यायचे. काकूंचं म्हणणं वेगळं होतं. "मी हाका मारून थकते ते ऐकू येत नाही, आणि तिसऱ्या ट्रम्पेटची चूक बरोबर ऐकू येते. कान नाही गेला हो, हा माणूसच बदमाश आहे."

मला मात्र इतकं मोठं दुःख पत्रकाशिवाय वाया चाललेलं बघवेना. मी काकांचा फोटो छापला. वर मथळा: 'यांचा कान कोणी हिरावला?' खाली मागण्या. चौकात सभा ठेवली आणि काकांना हार घालून व्यासपीठावर बसवलं. ते का आले, हे मला तेव्हा कळलं नाही. काकूंनी नंतर सांगितलं: "पोरगी इतकी नाचतेय, म्हणाले, तिचा मूड का खराब करायचा."

मी बोलायला उभी राहिले आणि कोपऱ्यावरून बारात आली. डीजे नव्हता. जुन्या पद्धतीचा, लाल कोट घातलेल्या माणसांचा पितळी बँड होता. मी माइकवरून ओरडले, "बघा, हाच तो अत्याचार." लोकांनी बघितलं. व्यासपीठावर काका नव्हते. ते बारातीत घुसले होते आणि सगळ्यात मोठ्या भोंग्याच्या तोंडाशी डावा कान लावून उभे होते. भोंगेवाला बिचारा घाबरून अजून जोरात फुंकत होता. काकांनी गळ्यातला आमच्या संघटनेचा हार काढला, भोंग्याला घातला आणि बारातीबरोबर पुढच्या वळणापर्यंत चालत गेले. माझी सभा त्यांच्यामागे गेली. मी आणि फलक उरलो.

परत आल्यावर त्यांनी माझं पत्रक खिशातून काढलं. "इथं लिहिलंय, वरातीतली सर्व वाद्ये बंद करा. यात हे पण आले का?"

मी म्हटलं, सरसकट मागणी केली की परिणाम होतो.

"डीजेच्या मागे लाग, जरूर लाग. त्यात माणूसच नाहीये. पण इथं पंधरा लोक फुंकतायत, बाई. आज कितीतरी दिवसांनी मला पूर्ण बँड ऐकू आला, आणि तू माइकवरून त्याला अत्याचार म्हणत होतीस." मग फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "आणि हा कोण? बळी? मी श्रोता आहे. श्रोता लिही. कारखान्याचा मला राग आहे, भरपूर आहे. पण तो माझा आहे. तुझ्या मथळ्याला उधार देणार नाही."

काकांच्या मुलीनं जबलपूरहून मशीन पाठवलं, कानात घालायचं. काकांनी ते घालून एक रेकॉर्ड ऐकली आणि काढून ठेवलं. "बँड टिनच्या डब्यात कोंबलाय." माणसं आली की ते मशीन घालायचे, रेकॉर्ड लावताना काढायचे. हळूहळू सॅक्सोफोन गेले, मग ट्रम्पेट, मग मामाही. शेवटी नुसता पहिलवान उरला आणि एक दिवस तोही निघून गेला. मला वाटलं, आता बैठक संपली. पुढच्या रविवारी जावं की नाही अशा विचारात जिना चढले, तर काका सुई बदलत होते. "देशपांडे," माझ्याकडे बोट करून म्हणाले, "आणि उशीर नको करत जाऊ."

रेकॉर्ड वाजली. काका रेकॉर्डकडे बघत नव्हते, आमच्या तोंडाकडे बघत होते. संपल्यावर मला म्हणाले, "मध्येच सोडलंस त्यांना. ट्रम्पेटकडे गेलीस." गेले होते. कसं कळलं विचारलं, तर म्हणाले, "चेहरा सभेसारखा झाला तुझा."

त्याच दिवसांत काकांनी आपण होऊन पत्रकाचा विषय काढला. सांवेर रोडला त्यांच्या जुन्या शॉपमध्ये पोरं अजून उघड्या कानांनी उभी राहतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी दोन पानं लिहून नेली. 'निर्दयी व्यवस्था' त्यात दोनदा होती. काकांनी पेन घेतलं आणि माझी एकेक मूठ सोडवत गेले. उरलं ते एवढं: 'प्रेसवर काम करता तर आवाज अडवणारे मफ मागा कानांवर घालायला. सगळ्यांनी एकदम मागा. मी मागितले नाहीत. आता मला ऐकू येत नाही.' खाली त्यांची सही. मी म्हटलं, यात जोर कुठे आहे? ते म्हणाले, "सगळेच ट्रम्पेट झाले तर ऐकणार कोण?"

शिफ्ट सुटताना आम्ही गेटबाहेर उभं राहून ते वाटलं. लोक माझ्या हातातलं घेऊन खिशात घालत होते आणि काकांच्या हातातलं तिथेच उभं राहून वाचत होते, हे मी पाहिलं आणि मला रागही आला. काही आठवड्यांनी बातमी लागली. शॉपनं एकत्र मफ मागितले, आणि मिळाले. मी मल्हारगंजात धावत गेले. काकांनी कानात मशीन घातलं, तरी मला ओरडूनच सांगावं लागलं. विजय, लढा, ऐतिहासिक, सगळे शब्द वापरले. काका शांतपणे म्हणाले, "कान वाचले ना पोरांचे? बढिया. मग आता त्यांना ऐकायला काय देणार तू?"

माझ्या कुठल्याच पत्रकात इतक्या पुढची मागणी नव्हती.

काका आता नाहीत. गेल्या थंडीत गेले. त्यांची आठवण काढायला बसले की मला मात्र त्याच्या आधीचा तो रविवार दिसतो. शॉपमधला राधेश्याम नावाचा एक प्रेसवाला मी सोबत नेला होता. असली रेकॉर्ड त्यानं कधी ऐकली नव्हती. काकांनी त्याला पहिलवान दिला. तीन मिनिटं तो टेबलाकडे बघत बसून राहिला. सुई उचलली, काकांनी विचारलं, "काय केलं तुझ्या माणसानं?" राधेश्यामला सांगता येईना. त्यानं थोडा विचार केला आणि टेबलावर दोन बोटांनी ते वाजवायला लागला, आधी हळू, मग मध्ये एक जागा सोडून, मग जोरात, मग परत हळू. काका खुर्ची ओढून पुढे सरकले आणि त्या बोटांवर नजर लावून बसले. त्यांचं मशीन बाजूला, टेबलावरच पडलं होतं. त्यांना काही कळत नसेल, समजावून सांगावं, म्हणून मी मोठ्यानं बोलायला तोंड उघडलं.

काकांनी माझ्याकडे न बघता हात वर केला.

"थांब, पत्रकबाई. ऐकतोय."