आमच्या मोटरीचं बलुतं

घरात काही मोडलं की आमचे मामंजी आधी विचारायचे, "बनवलं कोणी?" कोणाच्या हातून मोडलं, ते नंतर. मी नवी सून असताना पाण्याची नवी घागर माझ्या कमरेवरच दुभंगली. मामंजींनी कुंभाराला बोलावणं धाडलं. घागर भाजणीतच कच्ची राहिली होती. त्याने मुकाट दुसरी दिली, मला कोणी शब्दही बोललं नाही.

निजामाच्या राज्यात जालना ते अंबड मामंजींची प्रवासी मोटर चाले. ड्रायव्हर गफूर. सुगीला सुतार-लोहाराचं बलुतं काढताना मामंजी एक पोतं ज्वारी मोटर विकणाऱ्या औरंगाबादच्या एजंटासाठीही काढत आणि खरंच पोचवत. साहेब काय भाकरी थापणार आहे, म्हणून सासूबाई टोमणे मारत. मामंजी म्हणत, "बलुतं घेतलं की काम त्याच्या गळ्यात. मंग अंग काढता येत न्हाई." एजंट हसत हसत पोतं ठेवून घेई.

एका पावसाळ्यात मोटरीच्या मागच्या चाकांचा आस मोडला आणि मोटर नाल्यात कलंडली. एका म्हाताऱ्याचा पाय मोडला. गफूरचं लायसन जप्त झालं, अंबडच्या कचेरीत चौकशी लागली. एजंटाने निरोप धाडला, नवा आस फुकट देतो, फक्त ड्रायव्हरने मोटर भरधाव सोडली होती असं कचेरीत सांगा. ड्रायव्हर काय दुसरा मिळेल, असं भाऊबंदही म्हणाले. गफूर स्वतःच म्हणाला, "मालक, घ्या तो आस. मी बैलं हाकीन."

"तू गप. मी तुझ्या बाजूलाच बसलो व्हतो. तू बराबर चालवून राह्यला व्हता."

मोडका आस खांद्यावर घेऊन मामंजी रेल्वेने औरंगाबादला गेले आणि एजंटाच्या ओट्यावर बसले, ते उठेचनात. शेवटी त्याने आस उजेडात धरला. मोडलेल्या तोंडावर आत जुनी, गंजलेली चीर दिसत होती. चूक कारखान्याचीच, तो हळूच म्हणाला, पण हे चारचौघांत बोललो तर माझी एजन्सी जाईल.

मामंजी म्हणाले, "सुताराला रोज आमच्या समोरून जावं लागतं, म्हणून तो कच्चा आस देत न्हाई. तुमचा कारखाना लांब आहे. पण तुम्ही माझी ज्वारी खाल्ली, साहेब."

चौकशीच्या दिवशी एजंट अंबडला आला. आस मुळातच कच्चा होता, ड्रायव्हरचा कसूर बिलकुल नाही, असं त्याने सांगितलं. गफूरला लायसन परत मिळालं. एजंटाची एजन्सी गेली, आणि कारखान्याकडून नवा आस काही आला नाही. आमची मोटर अंगणात बसली ती बसलीच.

गफूर त्याच रस्त्यावर दुसऱ्याची मोटर चालवू लागला. आमच्या दारापुढे तो प्रत्येक खेपेला थांबे. मामंजी वाकून मोटरीखाली हात घालत, आस चाचपत, मगच जा म्हणत. आता मामंजी नाहीत. गफूर अजून थांबतो, स्वतःच मोटरीखाली शिरतो. आतले प्रवासी कुरकुरतात. तो धूळ झटकून उठेपर्यंत मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी राहते.