हिंमतरावांचा आग्रह

सोनाळ्यात गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांची पंगत बसली की तुपाचं भांडं हिंमतरावांच्या हाती जायचं. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. माणसानं पानावर दोन्ही हात आडवे धरले, तरी बोटांच्या फटीतून तुपाची धार रोडग्यावर नेमकी उतरवावी ती त्यांनीच. जेवणाऱ्याला उठताना दुसऱ्याचा हात धरावा लागला, म्हणजे त्यांना वाढल्याचं सार्थक वाटे.

नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आरोग्य केंद्राच्या नर्स सिंधूताई घरोघर फिरायच्या. मजुरांच्या अंगावर मांस नाही आणि बागायतदारांना स्वतःच्या पायाची बोटं दिसत नाहीत, हे त्यांनी पाहिलं. कुणाला धाप, कुणाच्या लघवीत साखर. त्यांनी आधी बायांना गोळा केलं, मग त्या पंचायतीत जाऊन बसल्या. ठरलं ते असं, की गावच्या पंगतीत तूप एकदाच वाढायचं, आग्रह करायचा नाही.

"म्हंजे मी नुसतं पान पाहून पुढं जाऊ?" हिंमतरावांनी विचारलं.

"हाव, भाऊ. तुमी थांबले तं गाव थांबते," सिंधूताई म्हणाल्या.

बोलणं त्यांना पटलं. आवडलं नाही.

चैतातल्या पहिल्याच पंगतीला त्यांचे व्याही भगवंतराव आले. देह भरगच्च, पाय सुजलेले, ओट्याच्या पायऱ्या चढताना दम लागलेला. हिंमतरावांची एकुलती लेक सत्यभामा त्यांच्या घरी दिलेली. व्याह्याला आग्रह नाही म्हणजे अपमान, आणि तो अपमान लेकीला भोवणार, तिचं माहेरी येणं बंद होणार, हे हिंमतरावांना कळत होतं.

एकदा वाढून झालं. सवयीनं निघालेल्या दुसऱ्या फेरीला भगवंतरावांनी पानावर हात आडवे धरले. "बस, बस! आता नोको!" म्हणाले आणि रीतीप्रमाणे वाट पाहू लागले.

हिंमतराव भांडं घेऊन उभे राहिले. मांडीखालून बाहेर आलेलं सुजलेलं पाऊल त्यांना दिसत होतं.

"बरं," ते म्हणाले आणि पुढच्या पानाकडे वळले.



"काऊन हो इवाई, तूप सरलं का?" भगवंतरावांनी मागून विचारलं.

"तूप लय हाय."

"मंग आमचाच कंटाळा आला म्हना की!"

"तुमी पाह्यजे मले. म्हून पुढं गेलो."

भगवंतराव हात धुऊन तडक आपल्या बैलांच्या दमणीत बसले.

आखाजीला, लेकींनी माहेरी यायच्या सणाला, सत्यभामा आली नाही. हिंमतराव वेशीपर्यंत जाऊन परत आले.

नागपंचमीला मात्र लेक दारात उभी.

"मामाजीनं धाडलं?"

"नाई, सासूबाईनं. मामाजी अजून रागातच हायेत, बाबा. तुमचं नाव काढू देत नाईत." ती हसली. "पन सासूबाईनंही तूप वाढताना हात आखडला. तवापासून मामाजीले घरात बसवत नाई. रागारागानं रोज मळ्यापर्यंत पायी जातात."

"राहू दे रागात," हिंमतराव म्हणाले आणि तिची पेटी उचलून आत गेले.