वाटी उतू गेली नाही

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत बाटल्या बघते. म्हणजे धुतलेल्या बाटल्या पांढऱ्या दिव्यासमोरून सरकत जातात, त्यात तळाला काही राहिलंय का ते बघायचं, राहिलं असेल तर ती बाटली बाजूला काढायची. शेजारीपाजारी कुणी विचारलं तर मी 'बाटल्यांच्या कंपनीत' एवढंच सांगते. कंपनी बिअरची आहे. आमचे हे गेल्यावर मी कामाला लागले तेव्हा आधी शिवमंदिरात जाऊन उभी राहिले होते. म्हटलं, देवा, तुला हे पटत नसेल तर पहिल्याच दिवशी काहीतरी होऊ दे आणि मला घरी पाठव. काही झालं नाही. मग मी राहिले.

पण मला माझं सांगायचं नाही, शिवरामदादांचं सांगायचंय. गेल्या खंडेनवमीला जे घडलं ते डोळ्यांसमोरून हलत नाही. वर्ष होत आलं तरी.

शिवरामदादा बदलापूरच्या बेलवलीचे. बुटके, अंगानं वाळके, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. वडिलांनी बाबासाहेबांच्या मागोमाग दीक्षा घेतली, तेव्हापासून घर बौद्ध. रविवारी विहारात, रोज सकाळी पंचशील. त्यातलं पाचवं शील दारूचं. दादांनी जन्मात थेंब घेतला नाही आणि उभा जन्म काढला बिअरच्या कंपनीत. आमचा नाथा हमाल त्यांना छळायचा, "दादा, तुमच्या हातचं पिऊन अख्खं उल्हासनगर झुलतंय, आणि तुम्ही कोरडेच?" दादा म्हणायचे, "हलवाई काय रोज पेढे खातो?"

नाथाला ते असं गप्प करत, पण आईला नाही करता आलं. गंगूआजी, म्हणजे त्यांची आई, मला स्वतःच सांगत होती. दादा नोकरीला लागले तेव्हा तिनं विचारलं होतं, "पिणार नाहीस, पण दुसऱ्याला पाजशील?" त्यावर दादांनी एक उत्तर शोधलं होतं, आणि तेवढ्या एका उत्तरावर ते सगळी वर्षं उभे होते. म्हणायचे, "आई, मी दारू करत नाही. मी विरजण राखतो."

ते विरजण म्हणजे काय ते सांगते. बिअर आपोआप होत नाही. जवाचा गोड काढा करायचा, गार करायचा आणि त्यात विरजण सोडायचं, आपण दह्याला लावतो तसं. पुस्तकात त्याला यीस्ट म्हणतात. बिअर झाली की ते तळाशी बसतं, तेच काढून ठेवायचं आणि पुढच्या खेपेला वापरायचं. ते जिवंत असतं. त्याला गारवा लागतो, वेळेवर खाणं लागतं. आमच्या कंपनीतलं विरजण आमचे मालक टेकचंद शेठ यांच्या वडिलांच्या वेळचं. उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पातून उठून त्यांनी हा धंदा काढला, तेव्हापासून तेच एक चालत आलेलं. त्याची बिअर म्हणजे मोर. लेबलवर मोर होता म्हणून मोर. कडू, काळसर. जुन्या बारमध्ये माणसं बसता बसताच बोट वर करून 'एक मोर' म्हणायची.

शिवरामदादा ती चाखत नसत. वास घ्यायचे, फेस बघायचे, बस. चाखायचं काम शेठचं. प्रत्येक घाणा तयार झाला की दादा ग्लास घेऊन शेठच्या केबिनमध्ये जायचे. शेठ एक घोट घ्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हीच." मग माल बाहेर.

आता कडू कुणाला नको. आकाशशेठ म्हणजे टेकचंद शेठचा मुलगा, तो हिशेबी आहे पण वाईट नाही. वांगणीच्या फार्महाउसवर शनिवार-रविवार पोरंपोरी येतात, त्यांना आंब्याची बिअर पाहिजे, जांभळाची पाहिजे, गव्हाची पाहिजे, ती पण रंगीत डब्यात. आकाशशेठनं तसल्या काढल्या. त्याला विरजण राखायला नको, परदेशातून सुक्या पुड्या येतात, फोडायची आणि टाकायची. मोर आधी दर आठवड्याला व्हायची, मग पंधरवड्याला, मग महिन्यातून एकदा. आकाशशेठ म्हणायचा, "पप्पा, बंद करू या आता. म्हातारी माणसं पितात, तीही कमी होत चालली." शेठ म्हणायचे, "जब तक वाटी उतू जाते, मोर चलेगी."

वाटीची आमच्याकडे रीत होती. खंडेनवमीला कारखाना आम्ही बायका धुऊन काढतो. सगळ्या यंत्रांना झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. पूजा आमची, दादा बाजूला उभे राहायचे. शेवटी त्यांची पाळी. विरजणाच्या टाकीचा नळ शेठ स्वतः उघडायचे आणि स्टीलच्या वाटीत थोडं विरजण घ्यायचे. दादा त्यात कोमट पाणी आणि साखर घालायचे. मग सगळे वाटीभोवती. थोड्या वेळानं ते फुगायला लागायचं, फेस काठाला यायचा आणि खाली ताटात सांडायचा. नव्या घरात दूध उतू जाऊ देतो ना, अगदी तसं. सगळे टाळ्या वाजवायचे. ते झाल्याशिवाय पेढे वाटले जायचे नाहीत.

गेल्या नवमीला शेठ काठी टेकत आले. आधी दादांनी मोरचा ग्लास दिला. शेठनी घोट घेतला, डोळे मिटले, "हीच." मला बरं वाटलं. एवढं सगळं बदललं, ही एक गोष्ट जागेवर आहे, असं वाटलं.

मग वाटी. नळ उघडला तर तपकिरी, पातळ काहीतरी आलं. एरवी ते सायीसारखं यायचं. दादांनी पाणी घातलं, साखर घातली, ढवळलं. आम्ही वाकून बघतोय. काही नाही. पंख्याचा आवाज तेवढा. साखर तळाला बसलेली दिसत होती. नाथा म्हणाला, "थंडी आहे, वेळ लागेल." ऑक्टोबरच्या उकाड्यात कसली थंडी! मी मनात महादेवाचं नाव घ्यायला लागले. एका बाईनं वाटी उचलून गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवली. तरी काही नाही. एक बुडबुडा आला आणि फुटला.

"शिवराम, क्या हुआ इसको?" शेठनी विचारलं.

"शेठ, ते मेलंय," दादा म्हणाले.

"क्या मेलंय?"

"विरजण. वैशाखातच गेलं. लाइट गेली होती ना, तेव्हा तापलं. लाइट आल्यावर गार करायची मशीन सगळ्या टाक्यांना पुरेना. आंब्याच्या टाक्यांना लावली. मोरला राहिली नाही."

आकाशशेठचा चेहरा पांढरा पडला. "ते तर मीच सांगितलेलं," तो म्हणाला. "मी म्हटलं, मोर बाद में देखेंगे. पण तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

शेठच्या हातात अजून ग्लास होता. ते त्याच्याकडे बघत होते.

"तो ये क्या है?"

"आकाशशेठच्या पुडीचं आहे."

"आणि पिछली बार?"

"तेही."

"गणपतीच्या आधीचं?"

"तेही, शेठ. वैशाखापासून सगळं."

"तरीच माझ्या पुड्या कमी पडत होत्या," आकाशशेठ हळूच म्हणाला. नाथाला भीतीनं हसू फुटलं आणि त्यानं तोंडावर हात धरला. मी हातातलं पेढ्यांचं ताट खाली ठेवलं. आत्ता, आत्ता आमच्यासमोर शेठनी डोळे मिटून 'हीच' म्हटलं होतं!

शेठ म्हणाले, "तूने मुझे पिलाया और खड़ा देखता रहा?"

दादांचा आवाज फाटला. "मला वाटलं, पहिल्याच घोटाला तुम्ही ग्लास फेकाल. फेकला असतात तर मी तिथंच सगळं सांगितलं असतं. मी तयारी करूनच केबिनमध्ये आलो होतो, शेठ. आणि तुम्ही म्हणालात, हीच. मग मी काय सांगू? विरजण मेलं हे सांगायचं, की तुमची जीभ..." पुढचं त्यांनी गिळलं.

मी त्या घरची कुणी नाही, तरी मला ऐकवेना. शेठनी ग्लास तोंडाला लावला. परत एक घोट घेतला. सावकाश. आम्ही सगळे त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. ग्लास खाली ठेवून ते म्हणाले, "अभी भी वही लगती है."

मग उठले, विरजणाच्या टाकीवरची झेंडूची माळ काढली आणि घडी घालतात तशी हातावर गुंडाळली. "मोर बंद."

आकाशशेठच पुढे झाला. ज्यानं इतकी वर्षं बंद करा म्हटलं तोच. "पप्पा, राहू दे ना. जेवढी निघते तेवढी विकली जाते. किसी को पता नहीं चला."

"मुझे भी नहीं चला," शेठ म्हणाले. "इसीलिए."

पेढे कुणी वाटले नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत दादा मागच्या नळावर ती वाटी घासत होते. मला राहवेना. म्हटलं, "दादा, वाटीत चिमूटभर पुडी टाकली असतीत तर? फसफसून आलं असतं. कुणाला कळणार होतं? बिअरमध्ये टाकलीतच ना?"

"टाकली, ताई. ती माल काढायला टाकली, आणि शेठ पकडतील म्हणून थांबलो. चुकलंच माझं. पण वाटीपाशी सगळी माणसं हात जोडून उभी असतात. तुम्ही पण असता. तिथं नाही टाकवली." मग नळ बंद करून म्हणाले, "मेल्यावर टाकी रिकामीही नाही करवली. रोज थोडा काढा घालून बघत होतो. दारू करू नकोस असं आई म्हणायची, तेव्हा मी सांगायचो, विरजण राखतो. वैशाखापासून आता मी काय करतोय, ते तुम्हीच सांगा."

मी त्यांच्या हातातली वाटी घेतली आणि पदरानं पुसली.

आकाशशेठनं त्यांना आंब्याच्या टाक्यांवर मोठी जागा देऊ केली. मदतीला माणूस, पगार वाढवून. रिटायर व्हायला थोडंच राहिलं होतं. आम्हाला वाटलं, सुटले. दादा दिवाळीपर्यंत आले, विरजणाची टाकी आतून घासून कोरडी केली आणि राजीनामा दिला. आकाशशेठ गेटपर्यंत मागे आला. "काका, रागावलात का माझ्यावर?" दादा म्हणाले, "नाही रे. पुडी फोडायला मी कशाला पाहिजे?" नाथा, ज्यानं त्यांना जन्मभर छळलं, तो सायकल शेडमागे जाऊन रडला.

परवा मी बेलवलीला गेले होते. खोली तशीच, भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची. दादा खिडकीत बसले होते. आणखी वाळलेत. गंगूआजीला आता धड दिसत नाही, पण आवाजावरून ओळखलं. मला आत ओढून घेतलं आणि कानाशी म्हणाली, "एवढी वर्षं मीच म्हणत होते गं, सोड ती नोकरी. आता सोडली तर हा असा दिवसभर बसतो. बाई, तूच सांग त्याला. परत जा म्हणावं."

मला धक्काच बसला. आजी असं बोलेल असं मला वाटलं नव्हतं.

मी बाहेर येऊन दादांशी इकडचं तिकडचं बोलले. शेठ आता कंपनीत येत नाहीत हेही सांगितलं. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. निघताना त्यांनी विचारलं, "मोरच्या बाटल्या येतात का अजून धुवायला?"

"येते एखादी. वांगणीकडच्या कुठल्या तरी बारमधून. लेबल चिकटलेलं असतं."

"काय करता?"

"भिजत ठेवायची आणि घासायची. जुना गोंद आहे, लवकर सुटत नाही."

"कोमट पाण्यात ठेवा," दादा म्हणाले. "जास्त गरम नको."