कवळीखालची जखम

दंत आरोग्य केंद्रातल्या त्या बाईंना सगळे ब्रशबाई म्हणत. शाळेतल्या पोरांना दात घासायला शिकवायचं, गरोदर बायकांच्या हिरड्या बघायच्या, म्हाताऱ्यांच्या शिबिरात पहिली तपासणी करून गरज असेल त्याला डॉक्टरांपुढे बसवायचं, हे त्यांचं काम. तोंड उघडायला लाजणाऱ्या माणसाशी चार गप्पा मारून त्याला मोकळं करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

घरी सासरे होते, नाना. सासूबाई गेल्यावर ते मुलाकडे राहायला आले. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली, माणूस टापटिपीचा आणि अबोल. गेले काही महिने मात्र त्यांच्या जेवणाचं गणित बिघडलं होतं. घास गालात घोळवत बसायचे, भाजी ताटाच्या कडेला सारायचे आणि शेवटी चहात पाव बुडवून पोट भरायचे. ब्रशबाईंना वाटलं, आपल्या हातचं यांना आवडत नाही. दिवसभर उभं राहून आल्यावर ते भरलेलं ताट पाहिलं की त्यांच्या डोक्यात तिडीक जायची. एकदा ओट्यापाशी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "नानांची खाण्याची नाटकं आता माझ्याच्यानं सहन होत नाहीत." स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. बाहेर बातम्या बघत बसलेल्या नानांनी टीव्हीचा आवाज थोडा वाढवला, इतकंच.

पुढच्याच आठवड्यात शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका वाचनालयाच्या सभागृहात शिबिर होतं. तिथे खरं तर ब्रशबाईंची सहकारी जायची होती. तिच्या मुलीला ताप आला, म्हणून आयत्या वेळी या गेल्या. पुस्तकांची कपाटं भिंतीला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. एकेक जण येत होता, त्या विजेरी लावून आरशाने गाल बाजूला करत होत्या, "हं, जीभ वर करा, आता डावीकडे," असं चाललं होतं. पुढचा माणूस समोर बसला म्हणून त्यांनी मान वर केली, तर नाना.

इस्त्रीचा सदरा घालून, केस विंचरून आले होते. घराजवळचं शिबिर सोडून दोन बस बदलून ते इतक्या लांब का आले, हे ब्रशबाईंना त्यांचा चेहरा पाहताच कळलं. सून जिथे नसेल अशी जागा त्यांनी शोधून काढली होती.

नानांनी मान वळवली, रुमालाआड कवळी काढली आणि तोंड उघडलं. इतक्या वर्षांत त्यांचं बोळकं तोंड ब्रशबाई पहिल्यांदाच बघत होत्या. खालच्या हिरडीवर, कवळीची कड घासून घासून, मोठी जखम झाली होती. तिच्या भोवती पांढरट चट्टा होता. अशी जखम आणि असा चट्टा दिसला की काय शंका घ्यायची, हे त्या दर महिन्याला नव्या मुलींना शिकवत असत.

त्यांनी डॉक्टरीणबाईंना हाक मारली. डॉक्टरीणबाई नव्या होत्या, हे कोण कुणाचं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी हातमोज्याच्या बोटाने जखमेची कड चाचपली आणि विचारलं, "आजोबा, हे बरेच दिवस अंगावर काढलंत. घरी कुणी बघत नाही का?"

"घरची माणसं चांगली आहेत," नाना म्हणाले. कवळी नसल्याने शब्द ओठांतच विरत होते. "मीच सांगितलं नाही. सून कामावरून दमून येते."

"तिला आज नक्की सांगा. उद्या रुग्णालयात यायलाच हवं."

"सांगतो," नाना म्हणाले.

ब्रशबाई विजेरी धरून शेजारीच उभ्या होत्या. मीच ती सून, एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. नानांनी कवळी बसवली, नमस्कार केला आणि परक्या माणसासारखे निघून गेले. पुढची बाई खुर्चीत येऊन बसली, तेव्हा ब्रशबाईंनी "तोंड उघडा" म्हटलं आणि त्यांचा स्वतःचाच आवाज त्यांना ऐकवेना.

संध्याकाळी त्या घरी आल्या. नाना गॅलरीत बसले होते. त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसून त्या म्हणाल्या, "नाना, मला का नाही सांगितलंत?"

नाना बाहेर बघतच म्हणाले, "सुनेपुढे दात काढून बसायचं, कसं वाटतं ते? आणि मग त्या दिवशी तू नाटकं म्हणालीस. वाटलं, आता सांगितलं तर तेही नाटकच दिसेल."



दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या नानांना रुग्णालयात घेऊन गेल्या. दोघांना बघून डॉक्टरीणबाईंचा चेहरा खुलला. "अहो, शिबिरातल्या पेशंटला तुम्ही स्वतः घेऊन आलात? असं मनापासून करणारं माणूस हल्ली मिळत नाही."

"डॉक्टर, हे माझे सासरे आहेत," ब्रशबाई म्हणाल्या. "घरात माझ्यासमोर जेवायचे, तरी मला दिसलं नाही. आणि काल तुमच्यासमोर मी गप्प राहिले."

डॉक्टरीणबाई काही बोलल्या नाहीत. हातमोजे चढवत त्यांनी नानांना खुर्चीत बसायची खूण केली. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ब्रशबाईंना वाटलं.

जखमेचा तुकडा तपासायला पाठवला. कर्करोग नव्हता, पण त्या वाटेला लागलेला बदल होता. तेवढा भाग काढला, जखम भरली, काही आठवड्यांनी नवी कवळी बसली. नाना पुन्हा नीट जेवू लागले. त्या सगळ्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढत नाही.

आता दर रविवारी सकाळी नाना स्वतःच खिडकीपाशी खुर्ची ओढतात. ते भिंतीकडे तोंड करून कवळी काढतात, तोवर ब्रशबाई हातात विजेरी घेऊन पाठ फिरवून उभ्या राहतात. मग नाना घसा खाकरतात, आणि त्या वळतात.