मळ्यातले पंधरा दिवस

नर्सबाईंनी परवा माझ्या दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि त्या वासासरशी मी प्रवरेकाठच्या आमच्या मळ्यात जाऊन पोचले.

लढाई संपून आमचे हे इजिप्तहून परतले होते. बोटीवर कुणाला तरी देवी निघाल्या, म्हणून मुंबई बंदरातून सगळ्या प्रवाशांच्या गावी कागद गेले. ह्यांना पंधरा दिवस मळ्यातल्या छपरात वेगळं राहायचं होतं. मी बांधावर भाकरी ठेवायची आणि मागं सरायची. चार वर्षांनी नवरा आला, तो असा वीस पावलांवर.

रोज सकाळी नेवाशाहून देवी डॉक्टर, म्हणजे गावोगाव देवीची लस टोचणारे, सायकलवर यायचे. थर्मामीटर स्पिरिटनं पुसून ताप बघायचे, ह्यांचे हात उन्हात धरून निरखायचे. मला त्या माणसाचा भारी राग यायचा.

बाराव्या दिवशी ह्यांच्या मनगटावर लाल पुरळ उठलं. बाही ओढून घेतली असती तर झाकलं गेलं असतं, पण ह्यांनी स्वतःच हात पुढं केला. डॉक्टरांनी पुरळावर बोट दाबून पाहिलं, ताप पाहिला, मग बाज उलटी केली.

"वहिनी, उकळतं पानी आना," ते म्हणाले. "ढेकूण लई झालेत."

"आन् देवी?"

"न्हाईत."

पंधरावा दिवस सरला तशी मी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि ह्यांना घरात घेतलं. त्या आनंदात डॉक्टरांना साधा चहाही विचारला नाही. आज कळतं, त्या पंधरा दिवसांत ह्यांचा हात हातात घेणारा तो एकटाच माणूस होता.